आधी हात, मग पेशंट

आमच्या हॉस्पिटलात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हात धुण्याच्या पायऱ्या तोंडपाठ आहेत. बेसिनवर पोस्टर आहे. ५ मे हा हात स्वच्छतेचा जागतिक दिवस, त्या दिवशी रांगोळी निघते, बॅनरखाली फोटो होतात. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून हा सोहळा मीच घडवून आणते, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्कही माझाच. ऑडिटला वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहते तेव्हा मात्र पायऱ्या नंतर मोजते. आधी बघते, हात साफ केला कधी.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा पाच वेळा ठरवून दिल्यात. पेशंटला हात लावण्याआधी, कॅथेटर-इंजेक्शनसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या बेड-लॉकरला हात लागल्यावर. घाणीनंतरचं धुणं कुणाला शिकवावं लागत नाही. युरिन बॅग रिकामी केली की मावशी न सांगता बेसिन गाठतात. किळस तिचं काम चोख करते. गळतात त्या पहिल्या दोन वेळा. "आत्ताच तर धुतले, सिस्टर!" धुतले खरे, पण बेसिनपासून बेडपर्यंत येताना पडदा सरकवला, फाइल उचलली, खिशातला मोबाइल बघितला. आता त्याच हातांनी सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, टोक उघडणार. इथे स्वतःला काही होणार नसतं, म्हणूनच विसर पडतो. ग्लोव्ह्ज घातले की तर विचारूच नका. तेच ग्लोव्ह्ज घालून एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाणारे ब्रदर मी थांबवलेत, आणि "ग्लोव्ह्ज आहेत ना" हे उत्तर ऐकलंय.

ट्रेनिंगला माझी आवडती वस्तू म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्याची पेटी. चमकणारं द्रावण मिसळलेला हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलचं औषध, चोळायला लावते आणि हात पेटीत धरायला सांगते. लागलं तिथे चमकतं, राहिलं तिथे अंधार. तळवे दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे उजळलेले असतात आणि अंगठा मुळापासून काळा! बोटांची टोकंही तशीच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुतेक वेळा उजवाच अंगठा राहतो, कारण उजवा हात डाव्याला जोरात चोळतो, डावा मात्र परतफेडीत कुचराई करतो. आणि सलाईनची सुई धरायची ती याच अंगठ्याने आणि याच टोकांनी. म्हणून माझा आग्रह दोनच गोष्टींचा: अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून गोल फिरवा, आणि बोटं जुळवून टोकं समोरच्या तळव्यात घासा.

हँडरब कोरड्या हातावर घ्यायचा, एका तळव्याचा खळगा भरेल इतका. दोन थेंबांत टाळी वाजवून भागत नाही. २० ते ३० सेकंद चोळून हात आपोआप वाळू द्यायचे, एप्रनला पुसायचे नाहीत. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा जुलाब असलेला पेशंट असेल तर मात्र साबण-पाणीच, कारण त्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोलने काही होत नाही. उगाच साबण आणि लगेच वर हँडरब असं करू नका. त्याने कातडी फुटते, आणि चिरा पडलेले हात झोंबतात म्हणून माणूस पुढच्या वेळी टाळतो.

दागिन्यांवरून वाद होतात. राखीपौर्णिमेनंतर ओल्या, कळकट राख्या मनगटावर आठवडेच्या आठवडे दिसतात. त्या मी हसत हसत कापायला लावते. नव्या नवरीचा हिरवा चुडा मात्र जड जातो. "ड्यूटीपुरता काढ गं, पर्समध्ये ठेव," एवढंच म्हणते, आणि तिच्या सासूबाईंचा फोन आलाच तर मी बोलेन हेही सांगून ठेवते.

राहिला प्रश्न राउंडचा. मोठ्या सरांना "हात" म्हणायची हिंमत नवीन सिस्टरला होणार नाही, आणि मी ती अपेक्षाही करत नाही. आम्ही एक साधी युक्ती काढलीय. सर बेडजवळ आले की सिस्टर फाइलच्या आधी हँडरबची बाटली पुढे करते. सर बोलता बोलता तळहात पसरतात, मागची रेसिडेंट मंडळीही मग मुकाट्याने पसरतात. बाटलीचा स्टँड पायथ्याशी नको, पेशंटच्या हाताशी हवा, हे मेंटेनन्सवाल्यांना पटवणं तेवढं अजून चालू आहे.