टीएमटीच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीच्या आधी काय असतं

नवरात्र जवळ आलं की बडोद्यातल्या मराठी घरांत कुणीतरी म्हणतंच, "बाबा, यंदा गरबा खेळायचा असेल तर आधी टीएमटी करून घ्या." टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर चालवत हृदयाची केलेली तपासणी. बाबा जातात, पट्ट्यावर चालून येतात, आणि हाती आलेल्या जाड रिपोर्टातली फक्त शेवटची ओळ घरभर वाचली जाते. निगेटिव्ह, म्हणजे दोष दिसला नाही. फाईल कपाटात जाते. त्या फाईलमध्ये शरीराचा दर तीन मिनिटांचा हिशेब असतो: चढ वाढला तेव्हा ठोके किती झाले, रक्तदाब कुठवर गेला, थांबल्यावर किती लवकर उतरला. माझ्या मते ट्रेडमिलवर व्यायाम करू पाहणाऱ्याने शेवटच्या ओळीइतकंच लक्ष या आकड्यांकडे द्यायला हवं.

टीएमटी बहुधा ब्रूस प्रोटोकॉलने होते. सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात वेग ताशी २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के. वेग बघून वाटतं, हे तर रमतगमत चालणं झालं. पण १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर वर. दुसऱ्या टप्प्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात साडेपाच आणि १४, चौथ्यात ६.८ आणि १६. सवय नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्यात चांगलीच धाप लागते. चौथ्यात धड चालताही येत नाही आणि धड पळताही येत नाही असा वेग येतो, आणि अनेकांच्या पोटऱ्या तिथे भरून येतात. वयस्कर किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसासाठी मॉडिफाइड ब्रूस असतो. त्यात सुरुवातीला त्याच कमी वेगाचे, शून्य आणि ५ टक्के चढाचे दोन टप्पे जोडलेले असतात.

रिपोर्टातला सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे मेट. शांत बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, तो १ मेट. ब्रूसचा पहिला टप्पा पुरा केला तर साधारण ५ मेट, दुसरा ७, तिसरा १०, चौथा १३. पाचाच्या आतच थांबावं लागलं तर डॉक्टर गंभीर होतात, मग ईसीजी स्वच्छ असला तरी. दहाच्या पुढे गेलेल्या माणसाचं पुढच्या काही वर्षांचं चित्र सहसा चांगलं असतं, ईसीजीत किरकोळ फरक दिसला तरी. म्हणून "निगेटिव्ह, ५.२ मेट" आणि "निगेटिव्ह, ११ मेट" हे दोन रिपोर्ट मुळीच सारखे नाहीत.

एक खबरदारी. मशीन हा आकडा वेग, चढ आणि वेळ यांवरून काढतं, ऑक्सिजन मोजून नव्हे. समोरचा दांडा घट्ट धरून अंगाचा भार हातांवर टाकला की पायांना काम कमी पडतं, माणूस जास्त मिनिटं टिकतो आणि मेट फुगतात. तोल सांभाळायला दोन बोटं टेकवावीत, तेवढंच.

आता पट्टा सुरू झाल्यावर आत काय घडतं ते बघू. पहिल्या काही सेकंदांत ठोके झपकन वाढतात, कारण हृदयाला आवर घालणारी व्हेगस नस आपली पकड सैल करते. साधारण १०० च्या पुढची वाढ मुख्यतः सिंपथेटिक (शरीराला श्रमासाठी सज्ज करणारे) मज्जातंतू आणि ॲड्रेनलिन यांची. बसल्या जागी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं; धडधाकट तरुण माणसात पूर्ण श्रमात ते २० लिटरच्या आसपास जातं. दर ठोक्यातलं रक्त सुरुवातीला वाढतं, पण सवय नसलेल्या माणसात क्षमतेच्या निम्म्यावरच ते स्थिरावतं आणि पुढचा सगळा भार ठोक्यांच्या संख्येवर येतो. त्याच वेळी रक्ताची वाटणी बदलते. आरामात स्नायूंकडे रक्ताचा पाचवा हिस्सा जात असेल, तर जोराच्या श्रमात ऐंशी टक्क्यांच्या वर. आतडी आणि मूत्रपिंडं यांचा वाटा कापला जातो. भरल्या पोटी टीएमटीला जाऊ नका, तीन तास आधी खाणं थांबवा असं सांगतात त्यामागे हेही कारण आहे.

रक्तदाबाचा वरचा आकडा दर मेटमागे साधारण १० ने चढायला हवा. खालचा तसाच राहतो किंवा थोडा उतरतो, कारण स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. चढ वाढत असताना वरचा आकडा खाली येऊ लागला, सुरुवातीच्या आकड्याच्याही खाली, आणि सोबत छातीत भरून आलं किंवा ईसीजी बदलला, तर चाचणी तिथल्या तिथे थांबवतात. वाढलेल्या कामाला हृदयाचा पंप पुरा पडत नसल्याची ती खूण असू शकते. दुसऱ्या टोकाला, वरचा आकडा २५० च्या वर किंवा खालचा ११५ च्या वर गेला तरी थांबवतात.

ठोके आणि वरचा दाब यांचा गुणाकार हा हृदयाच्या स्नायूला किती ऑक्सिजन लागतोय याचा चांगला अंदाज. बसून ७० गुणिले १२०, म्हणजे ८,४००. श्रमाच्या टोकाला १६० गुणिले १८०, म्हणजे २८,८००. तिपटीहून जास्त मागणी. आणि हृदयाच्या डाव्या बाजूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. ठोके वाढले की नेमकी तीच विश्रांती आखडते. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद असेल तर बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही आणि चढावर जाणवतं, ते या ओढाताणीमुळे.

ईसीजीत डॉक्टर एसटीची रेघ बघतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग. ती एक मिलिमीटर किंवा जास्त खाली गेली, आणि आडवी किंवा उतरती राहिली, तर चाचणी पॉझिटिव्ह. खाली जाऊन लगेच चढणारी रेघ जलद ठोक्यांत अनेकांची दिसते, तिला तेवढं वजन देत नाहीत. ही चाचणी अचूक मात्र नाही. जिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत खरोखर अडथळा आहे अशा साधारण तीनातल्या दोघांना ती पकडते, आणि अडथळा नसलेल्या चारांतल्या एकाला उगाच घाबरवते. बायकांमध्ये खोटा पॉझिटिव्ह जास्त येतो. रक्तप्रवाह फारसा न अडवणारा, निम्म्याहून कमी अडथळा तिला सहसा दिसत नाही, आणि तो फुटून अचानक गुठळी होऊ शकते. म्हणून निगेटिव्ह टीएमटी खिशात असलेल्या माणसानेही गरब्याच्या घोळक्यात छाती दाबल्यासारखी झाली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, थंड घाम सुटला तर रिपोर्टावर विसंबून थांबू नये. सरळ दवाखाना गाठावा.

अनेक डॉक्टर ड्यूक स्कोअरही काढतात, म्हणजे या सगळ्या आकड्यांवरून धोक्याचा एकच अंदाज. गणित घरी करता येतं. ब्रूसवरची मिनिटं घ्या, त्यातून एसटीचे मिलिमीटर पाचपट वजा करा, आणि छातीत दुखलं असेल तर आणखी ४ वजा (दुखण्यामुळेच थांबावं लागलं असेल तर ८). नऊ मिनिटं, एसटी ठीक, दुखणं नाही: अधिक ९. अधिक ५ किंवा त्यावर धोका कमी. सहा मिनिटं, २ मिलिमीटर आणि थोडं दुखलं: ६ वजा १० वजा ४, म्हणजे उणे ८, मध्यम धोका. उणे ११ किंवा त्याखाली जास्त.

पट्टा थांबल्यानंतरचं पान लोक सगळ्यात कमी वाचतात. सावकाश चालत पहिल्या मिनिटात ठोके १२ पेक्षा जास्त उतरायला हवेत. समजा टोकाला १५२ होते आणि मिनिटाने १२८ झाले, तर २४ ने उतरले, छान. १५२ वरून १४३ असेल तर व्हेगस नस वेळेवर पुन्हा पकड घेत नाही असं समजायचं, आणि हा आकडा डॉक्टरांना मुद्दाम दाखवायचा. हाच आकडा ट्रेडमिलच्या सरावाने सुधारतो.

चाचणी वाया जाते ती बऱ्याचदा तयारी चुकल्याने. चहा, कॉफी, तंबाखू सकाळपासून नको. बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर ठोके पुरेसे वाढत नाहीत, २२० वजा वय (कमाल ठोक्यांचा अंदाज) याच्या ८५ टक्क्यांचं लक्ष्य गाठलं जात नाही आणि रिपोर्टावर "निष्कर्ष काढता येत नाही" असा शेरा येतो. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं. कधी आणि किती तास आधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. छातीवरचे केस काढून, स्पिरिटने पुसून, त्वचा किंचित घासून इलेक्ट्रोड लावले नाहीत तर घाम आला की ते सुटतात आणि ईसीजी नाचू लागतो. अंगाला तेल किंवा पावडर लावून जाऊ नये. पायात चपला नकोत, बूट हवेत.

आता सराव. कमाटीबागेत रोज सकाळी फेऱ्या मारणारी माणसं पावागडच्या पायऱ्यांवर धापा का टाकतात, याचं उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ५ किलोमीटर सपाटीवर चालणं फक्त ३.४ मेट. त्याच वेगाला ५ टक्के चढ दिला की साडेपाच, १० टक्के दिला की ७.७. बडोदं सपाट आहे, त्यामुळे इथे ट्रेडमिलचं खरं मोल तिच्या चढात आहे. गुडघ्यांवर धावण्याचा मार न पडता काम दुपटीने वाढवता येतं. ठोके किती ठेवायचे? वय ५२, बसून ठोके ७६ असं धरू. २२० वजा ५२ म्हणजे १६८. त्यातून ७६ गेले, उरले ९२. त्यांचे ४० ते ६० टक्के ७६ मध्ये मिळवा: ११३ ते १३१. टीएमटीत १६८ च्या ऐवजी प्रत्यक्ष गाठलेले कमाल ठोके असतील तर तेच घ्या, कारण वयाचं सूत्र एखाद्याच्या बाबतीत दहा-बाराने सहज चुकतं. एखाद्या ठोक्यांवर एसटी घसरली असेल तर मर्यादा डॉक्टरांनी ठरवून द्यायची, आणि ती सहसा त्या आकड्याच्या किमान १० ने खाली असते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याने ठोक्यांपेक्षा बोलण्याकडे लक्ष द्यावं: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

सुरुवातीला ५ ते ७ मिनिटं सपाट, हळू. मग २० मिनिटं ठोक्यांच्या ठरलेल्या मर्यादेत, आठवड्यातून किमान चार दिवस. आधी मिनिटं वाढवा, मग चढ एकेक टक्क्याने, सगळ्यात शेवटी वेग. शेवटी पाच मिनिटं उतरता वेग हवाच. रुंद झालेल्या पायांच्या रक्तवाहिन्यांत रक्त साचलेलं असतं आणि पोटऱ्यांची हालचाल तेच वर ढकलत असते. एकदम थांबलात की डोळ्यांसमोर अंधारी येते. गरब्याच्या जलद फेरीनंतर लगेच खाली बसू नये, दोन-तीन मिनिटं चालत राहावं, ते याचसाठी.

पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि दर ठोक्यातलं रक्त वाढू लागतं. दीड-दोन महिन्यांत स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया (पेशींतले ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात. तीन महिन्यांत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १५-२० टक्क्यांनी वाढू शकते. कमाल ठोके मात्र फारसे बदलत नाहीत. बदलतात ते त्याच चढावरचे. तुमच्या नेहमीच्या वेगा-चढाला दहाव्या मिनिटाचे ठोके लिहून ठेवा, दर दोन आठवड्यांनी पडताळा. खाडा दोन-तीन आठवड्यांचा झाला की कमाई ओसरू लागते, म्हणून पुन्हा सुरू करताना दोन पायऱ्या खालून. मे महिन्यात बंद खोलीत, पंख्याशिवाय चाललात तर त्याच वेगाला ठोके सहज १०-१५ ने चढतात, कारण रक्त कातडीकडेही वळतं आणि घामाने द्रव कमी होतो. तेव्हा वेग कमी करा, ठोक्यांचा आकडा पाळा.

घरच्या किंवा जिमच्या ट्रेडमिलचा वेग खरा आहे का तेही एकदा तपासा. मशीन बंद असताना पट्ट्यावर खडूची खूण करून पूर्ण लांबी टेपने मोजा, समजा २.८ मीटर आली. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३.३ मीटर, म्हणजे खूण मिनिटाला सुमारे ३० वेळा समोरून गेली पाहिजे. २६-२७ वेळाच आली तर पट्टा सैल झालाय किंवा खालच्या फळीवर सिलिकॉन तेल संपलंय. मोजताना पट्ट्यावर माणूस चालता हवा आणि मोजणारा दुसरा. रिकाम्या पट्ट्याचा वेग बरोबर येतो; सैल पट्टा घसरतो तो पाय पडल्यावरच.