चपटा झालेला फुगा

धक्क्याला बांधलेली असताना बोट उत्तम चालायची. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू, आयडलला एकसारखा आवाज. बाहेर पडून पूर्ण रेस दिली की तीन-चार मिनिटं सगळं ठीक, आणि मग आरपीएम 5200 वरून घसरत 3000 पर्यंत यायचे. रेस कमी केली की इंजिन पुन्हा सावरायचं.

40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, आहे. मी आधी संशय घेतला तो कार्ब्युरेटरवर. दोन दिवस घालवून तिन्ही उघडले, जेट साफ केले, पुन्हा बसवले. दुखणं जसंच्या तसं.

मग धाकट्याला सुकाणूवर बसवलं आणि मी मागे जाऊन पेट्रोलच्या पाइपमधल्या रबरी फुग्यावर, म्हणजे प्राइमर बल्बवर, नजर ठेवली. पूर्ण रेसवर दोन मिनिटांत तो हळूहळू चपटा होत गेला, दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या. इंजिनाचा पंप पेट्रोल ओढतोय, पण टाकीकडून तेवढं येत नाही, हे तिथेच कळलं. अडथळा फुग्याच्या आधी होता. आयडलला हे जाणवत नाही, कारण तेव्हा तासाला एखादा लिटर पुरतो. पूर्ण रेसला असं इंजिन पंधराएक लिटर पितं.

खात्रीसाठी हातातली छोटी टाकी तिच्याच पाइप-फुग्यासह थेट इंजिनाला जोडली. वीस मिनिटं पूर्ण रेस, एकदाही घसरलं नाही. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. अर्धी यंत्रणा एका फटक्यात निर्दोष सुटते.

आता उरली बोटीची टाकी ते फुगा एवढीच वाट. टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, फरक नाही, म्हणजे हवेची नळी तुंबलेली नव्हती. पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा घातला, फरक नाही. टाकीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवर बसलेली छोटीशी गोळी. ती अडकते हे खरं, पण आमची मोकळी हलत होती. हा व्हॉल्व्ह काढूनच टाका असं सांगणारे भेटतात. कृपया ऐकू नका. पाइप कुठे फुटला तर टाकी आपोआप बोटीच्या तळात रिकामी होऊ नये म्हणून तो आहे, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळातच साचून राहते.

राहिला पाइप. हातपंपाने हवा मारली तर आरपार गेली, म्हणून तो मी आधी बाजूला ठेवला होता. शेवटी पाइपमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला: पूर्ण रेसवर सहा इंच (पाऱ्याचे; आकडा जितका मोठा तितका अडथळा जास्त). इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा चारची. मग पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून धडधाकट, कुठे भेग नाही. आत मात्र हातभर लांबीत अस्तर रबरापासून सुटून लोंबत होतं, ओल्या कागदासारखं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या पाइपांचं असं करतं. दाबाने हवा मारली की ते अस्तर भिंतीला चिकटून वाट मोकळी व्हायची. ओढ लागली की आत मिटायचं. इंजिन तर ओढतच असतं.

बोटीसाठीचा इथेनॉल सोसणारा नवा पाइप घातला, प्रत्येक जोडाला नवी क्लिप, आणि एक पारदर्शक तुकडा लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. इतकी काळजी यासाठी, की पेट्रोल कमी पडत असताना इंजिन तसंच रेटलं तर मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन पिस्टन भाजतो. आम्ही वेळेत थांबलो.

नव्या पाइपावर गेज दीड इंच दाखवतो. फुगा अर्धा तास टणक राहिला.