कोरल (प्रवाळ) तपकिरी आहे म्हणजे मेलेलं नाहीये हो!

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं (समुद्रातली प्रवाळाची भलीमोठी रांग) काहीही लिहिण्याआधी हे लिहिते, नाहीतर मला चैन पडणार नाही. पोर्ट डग्लसहून दीडेक तास बोटीने अ‍ॅजिनकोर्ट रीफला गेलो, तिथे समुद्रातच पॉन्टून, म्हणजे तरंगता प्लॅटफॉर्म, बांधलाय, प्रचंड गर्दी, आणि जेवणाच्या रांगेत पुढे उभे असलेले लोक एकमेकांना सांगत होते की फोटोत केवढे रंग असतात आणि इथे सगळं मातकट, मेलंय वाटतं, पैसे वाया गेले. इतका राग आला ना!

कारण नुकतीच मी त्याच पाण्यातून वर आले होते. निरोगी कोरल बरंचसं तपकिरी, शेवाळी, मोहरीच्या रंगाचंच असतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचा तो रंग, आणि कोरलचं बहुतेक अन्न तेच बनवतं. पाणी फार तापलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, तेच ब्लीचिंग. काही जाती तर त्या त्रासात भडक निळ्या-गुलाबी चमकायला लागतात! म्हणजे लोक ज्याला सुंदर म्हणतात ते कधीकधी आजारपण असतं. शिवाय लाल रंग पाणी काही मीटरवरच खाऊन टाकतं, फोटोतला लाल फ्लॅशमुळे येतो. पांढरं पडलेलं कोरलही लगेच मरत नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, पण २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४... इतक्या वेळा मोठं ब्लीचिंग झालंय, सावरायला वेळच कुठे मिळतोय त्याला?

मी पोहत लांब गेलेच नाही, एका मोठ्या कोरलवर तरंगत पडून राहिले. खालून करकर आवाज यायला लागला, कुणीतरी चणे फोडतंय तसा. पॅरटफिश! चोचीसारख्या दातांनी कोरलचा दगड खरवडून त्यावरचं शैवाल खात होता, आणि मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडत होता. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू करतो, प्रवाळ बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांत ही वाळू भरपूर असते. बाजूलाच जायंट क्लॅम, म्हणजे भलामोठा शिंपला, निळसर ओठांचा, माझी सावली पडली की मिटायचा. मेलेल्या जागी एवढी गडबड असते होय?

बाकी केर्न्स शहर, रेनफॉरेस्ट, सगळं छान होतं.

तक्रार एवढीच की जाताना बोटीवर मोठ्या स्क्रीनवर भडक रंगांचा व्हिडिओ दाखवला आणि शैवालाची माहिती मरीन बायोलॉजिस्टने परतीच्या वाटेवर सांगितली, अर्धे लोक झोपलेले असताना. हे पाण्यात उतरायच्या आधी सांगायला हवं, सक्तीने. म्हणजे निदान पायात पोहण्याच्या फिन्स लावून कोरलवर उभं राहणारे तरी कमी होतील, काही जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात हो, एका लाथेत कितीतरी वर्षं जातात.