पुरात पडलेलं घर त्याच जागी बांधावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडून पावसाळा सरला की हा प्रश्न हमखास येतो: मातीचं घर पडलं, आता त्याच जागी सिमेंटचं बांधलं की काळजी मिटली ना?

मिटत नाही. जोतं होतं तेवढंच ठेवलंत तर पुढच्या पुरात भिंती कदाचित उभ्या राहतील, पण पाणी घरात तितकंच येईल. २३ जुलै २०२१ ला म्हादई आणि वाळवंटी या नद्या फुगल्या, १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून त्याची नोंद झाली. पाऊस आता थोड्या तासांत खूप कोसळतो, त्यामुळे आजोबांच्या काळची पाण्याची खूण धरून चालू नका. शेवटच्या मोठ्या पुराची खूण शोधा, आणि जोतं तिच्याहून निदान दीड-दोन फूट वर घ्या. जमतच नसेल, म्हणजे खूणच छातीएवढी असेल, तर जागा बदलायचा विचार करा. सगळं आवार भराव घालून उंचावू नका. तुमचं पाणी शेजाऱ्याकडे जातं, आणि ताजा भराव खचला की नवी भिंत तडकते.

मातीची भिंत लोटानं क्वचितच पडते. तळातला हातभर भाग पाणी पितो, मऊ होतो, आणि वरचे वासे, कौलं, भिंतीचा भार त्याला पेलवत नाही. म्हणूनच पाणी ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी, ऊन पडलेलं असताना, भिंत बसते. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर आणखी वाईट: ओल आत कोंडते आणि भिंतीचं फुगणं दिसत नाही. पाणी उतरलं म्हणून लगेच आत झोपायला जाऊ नये ते यासाठी.

नवं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बांधणार असाल तर चिरा पारखून घ्या. खाणीतून काढलेला चिरा ओला, मऊ असतो. उघड्यावर काही महिने पडला की कडक होतो. पिवळट, मातीच्या खळग्यांचा चिरा परत पाठवा. शंका असेल तर कोरडा चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो नको; म्हणजे ३० किलोचा चिरा ३३ किलो ६०० ग्रॅमपर्यंत चालेल. जोत्याच्या माथ्यावर दीड इंच काँक्रीटचा थर, त्यावर डांबराचा हात, मगच भिंत. ओल वर चढू न देणारा हा थर गाळून पैसे वाचवणारे पुढे दरवर्षी रंगावर खर्च करतात.

खरा घोटाळा पट्ट्यात होतो. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे हवेत: ४ इंच जाड, भिंतीएवढे रुंद, १० मिलिमीटरच्या २ सळया, दर ६ इंचांवर ६ मिलिमीटरची आडवी सळी. गवंडी हे बहुतेक बरोबर करतात आणि कोपऱ्यावर येऊन सळई तिथेच तोडतात. मग पट्टा चार सुट्या तुकड्यांचा होतो आणि भिंती एकमेकींना धरत नाहीत. सळई कोपऱ्यात वाकवून पुढच्या भिंतीत शिरली पाहिजे, आणि जोड २० इंचांचा. काँक्रीट ओतायच्या दिवशी स्वतः जाऊन चारही कोपरे बघा. नंतर काहीच दिसत नाही.

छपराचं गणित वेगळं. पणजीसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, ताशी १४० किलोमीटर. मे २०२१ मधलं तौक्ते आठवत असेल. वारा कौलं दाबत नाही, पागोळीकडून नि आढ्याकडून उचलतो. त्यामुळे कडेच्या तीन ओळी आणि आढ्याची कौलं तारेनं रिपेला (कौलांखालच्या लाकडी पट्टीला) बांधा, आणि वासे जिच्यावर टेकतात ती भिंतीवरची लाकडी पाटी वरच्या पट्ट्यात दर ४ फुटांवर पुरलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला कसा. नुसती ठेवलेली पाटी छपरासकट उचलली जाते.

किरकोळ पण विसरायला होणारं: विजेची बटणं आणि प्लगपॉइंट खुणेच्या वर, शौचालयाच्या नळीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. आणि सेप्टिक टाकी पुराच्या तोंडावर उपसू नका, जमिनीतलं पाणी वाढलं की रिकामी टाकी वर उचलली जाते.

आता कागदांचं. डबर उचलण्याआधी पडलेल्या घराचे, जुन्या जोत्याचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो टेप लावून काढा. मामलेदार कचेरीत भरपाईच्या अर्जाला ते लागतातच. पण किनाऱ्याजवळचं घर असेल तर सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) पुनर्बांधणी जुन्या जोत्याच्या क्षेत्रफळात बसवावी लागते, आणि जोतंच उखडून टाकलंत तर दाखवणार काय? मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे, असाल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचे तुमचे कागद आधी बघून घ्या. जोत्याची उंची वाढवायची आहे हे नकाशात लिहूनच मंजुरी घ्या.