पांढरा साका

रजिस्टरमध्ये त्या दिवशीची माझी पहिली नोंद अशी आहे : वेळ दुपारी १२.४०, पाण्याचं तापमान ३३ अंश, सामू (pH) ९.१, विद्राव्य ऑक्सिजन लिटरला ११.२ मिलिग्रॅम. नोंद बरोबर आहे. त्यातला एकही आकडा मी आज बदलणार नाही. पण याच नोंदीमुळे एका तरण्या पोराला रात्रभर पोलीस ठाण्यात बसावं लागलं.

पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी १९ वर्षं रसायनतज्ज्ञ आहे. काम मुख्यतः पिण्याच्या पाण्याचं. गावोगावच्या बाटल्या येतात, नायट्रेट-फ्लोराइडचे आकडे परत जातात. मासे मेल्याची तक्रार क्वचित येते आणि तेव्हाही तळ्यावर सहसा कुणी जात नाही. गाडीत तीन-चार तास तापलेली बाटली आमच्या टेबलावर येते आणि तिच्यातला ऑक्सिजन सांगा म्हणतात. त्या बाटलीत तोवर जे उरलेलं असतं त्याचा तळ्याशी काही संबंध नसतो. हे मी लेखी कळवलं आहे, एकदा नाही, चारदा.

मे २०२४ची गोष्ट. आदल्या ऑक्टोबरात राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, त्यात करमाळा होता. उजनी जानेवारीतच मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यात गेली होती आणि जूनच्या तोंडावर उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोचली. मोठ्या धरणाची ही गत, तर करमाळ्याच्या बाजूच्या त्या गावतळ्यात काय उरणार? गावाचं नाव लिहीत नाही. एरवी भिंतीला लागणारं पाणी मध्यभागी आक्रसलेलं, खोली जेमतेम दीड पुरुष, रंग शेवाळाचा हिरवागार. उसाच्या आणि केळीच्या रानातून वाहून आलेलं खत वर्षानुवर्षं त्याच गाळात बसलेलं. त्या आठवड्यात वादळी वाऱ्याचं भय सगळीकडे होतं. २१ मे रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी उजनीत उलटून सहा जण गेले होते. नंतर दोन-तीन दिवसांनी या तळ्यावरही संध्याकाळी जोराचा वळीव झाला, आणि सकाळी काठावर कटला आणि रोहू पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

फोन सात वाजता आला. परवानगी, गाडी, गाडीचं डिझेल हे सगळं होऊन तळ्यावर पोचायला बारा वाजून गेले. ऊन कडक. आमचं ऑक्सिजन मोजायचं मीटर पडदा फाटल्यामुळे दोन वर्षं कपाटात आहे, म्हणून मी विंकलरची पेटी घेऊन गेले होते. मला ती पद्धत मनापासून आवडते, मीटर असतं तरी मी ती नेली असती. ३०० मिलीची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखालीच हळू भरायची, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. लगेच दोन मिली मँगनीज सल्फेट, दोन मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून. बूच लावायचं, उलटसुलट करायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर खाली तपकिरी साका, म्हणजे रसायनाचा गाळ, बसतो, जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. तिथल्या तिथे ऑक्सिजन असा बांधून टाकला की मग घाई नसते. पुढे आम्ल, मग थायोसल्फेटचं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब घालून मोजणं, शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबात उडून जातो. प्रमाण नीट धरलं तर जितके मिली थायोसल्फेट, लिटरला तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन.

साका मधासारखा गडद बसला. ११.२. त्या तापमानाला पाण्यात जास्तीत जास्त सव्वासातच्या आसपास विरघळायला हवा. म्हणजे क्षमतेच्या दीडपट.

भोवती पन्नास-साठ माणसं. सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, बायका. कुणीतरी विचारलं, "मॅडम, पाणी खराब आहे का?" मी म्हणाले, "ऑक्सिजन भरपूर आहे. गुदमरून मेलेले नाहीत हे मासे." एवढंच वाक्य. गर्दीला पुढचं वाक्य माझ्याकडून नको होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला एका पोराची केळी होती, आदल्या दिवशी त्याने फवारणी केली होती आणि पंप तळ्यावर धुताना दोघांनी पाहिलं होतं. ठेक्यावरून त्याच्या घराशी जुना वाद. दुपारी चारपर्यंत त्याने विष कालवलं असं गावाने ठरवून टाकलं, संध्याकाळी त्याला चौकशीला नेलं.

मी पेटी आवरत होते तेव्हा एक म्हातारे मामा शेजारी येऊन बसले. चाळीसेक वर्षं जाळं टाकणारा माणूस. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या बाटलीत रातचं पाणी हाय का?"

मला कळलं नाही.

"दिवसा मासा मरत न्हाई. पहाटं मरतो. आज पहाटं मी आलो तवा सगळी वर तोंडं काढून हवा गिळत हुती. आन मरळ एक बी मेली न्हाई बघा. मोठा कटला आदी गेला, बारकी चिलापी अजून फिरतीय. इखानं असं मरतंय व्हय?"

हे सगळं मला येत होतं. मरळ हवेतून श्वास घेते, पाण्यात ऑक्सिजन नसला तरी तगते. ऑक्सिजन संपला की मोठे मासे आधी जातात. हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. आणि हिरवं पाणी दुपारी ऑक्सिजन करतं, सूर्य गेला की तेच शेवाळ रात्रभर तो खातं, हेही. दीडपट आकडा ही त्या तळ्याच्या तब्येतीची खूण नव्हती, आजाराची होती. समोर बाटली होती आणि मी बाटलीवर विश्वास ठेवला.

मी मुक्काम केला. ड्रायव्हर नाराज झाला. साहेबांनी फोनवर विचारलं की पहाटेच्या नमुन्याची तरतूद कुठल्या नियमात आहे. पहाटे साडेचारला मामांच्या होडीतून आम्ही आत गेलो. वारा पडलेला. पाण्यात हात घातला तर कोमट, तापमापकावर ३०.५. मामा म्हणाले, "पयलं या वक्ताला पाण्यात हात घालवत नव्हता, इतकं गार असायचं." पाण्यावर कुजक्या अंड्याचा वास होता, तळाचा गाळ ढवळल्यावर येतो तसा. चहूबाजूंनी माशांच्या तोंडांचे बारीक आवाज येत होते, चुळूक चुळूक, जणू पाऊस पडतोय.

मोबाइलच्या उजेडात बाटली भरली. मँगनीज, मग अल्कली. उलटसुलट केली आणि धरून राहिले. साका पांढरा बसला, चुन्याच्या निवळीच्या तळासारखा. तळाकडच्या बाटलीत तपकिरीची छटासुद्धा नव्हती. वरच्या थरात ०.८. सोळा तासांपूर्वी त्याच जागी ११.२ होता.

परत येऊन मी रजिस्टरची १४ वर्षं उलटली. जिल्ह्यातल्या सगळ्या तळ्यांच्या, नद्यांच्या नोंदी. नमुना घेतल्याची वेळ : ११.००, ११.३०, १२.१५, ११.००. सकाळी साडेनऊच्या आधीची एकही नाही. आमच्याकडची सगळी पाण्याची कुंडली दिवसाची आहे. त्या नोंदींवरून आपण अहवालात "ऑक्सिजन समाधानकारक" असं छापत आलो आणि मासेमारांनी पहाटेबद्दल जे सांगितलं ते अडाणीपणात जमा केलं. मीही केलं असणार.

हे जास्त लागतं, कारण बदल रात्रीतच होतोय. हवामान विभागाच्या नोंदींत २०२४ हे १९०१पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्यात दिवसाचं कमाल तापमान सरासरीपेक्षा ०.२० अंशांनी जास्त होतं आणि रात्रीचं किमान ०.९० अंशांनी. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तक्ता आहे : २० अंशाला पाणी लिटरमागे ९.०९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशाला ७.५६. आमच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. उलट पाणी तापलं की माशाला, जिवाणूंना, गाळाला जास्त ऑक्सिजन लागतो. दुष्काळाने पाणी आटलं की तोच गाळ, तेच खत थोडक्या पाण्यात. मग ढगाळ दिवस, एक वादळ, आणि खालचं सडकं पाणी वर. समशीतोष्ण देशांतल्या ३९३ सरोवरांच्या जुन्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२१मध्ये आला. त्यांच्या वरच्या पाण्यातला ऑक्सिजन १९८०पासून साडेपाच टक्क्यांनी आणि खोल पाण्यातला साडेअठरा टक्क्यांहून जास्त घटला आहे. त्यांच्याकडे तेवढ्या जुन्या नोंदी होत्या. आमच्याकडे ११.०० वाजले आहेत.

पोराला दुसऱ्या दिवशी सोडलं. कीटकनाशकाचा नमुना दुसरीकडे पाठवला होता, तीन आठवड्यांनी "आढळले नाही" असं आलं. गावात तो कागद कुणी वाचून दाखवला नाही.

अहवालात कारणाचा रकाना असतो. वरून सूचना आली, "नैसर्गिक कारण" लिहा. मी लिहिलं नाही. उसाचं खत नैसर्गिक नाही, उरलेलं पाणी उपसणं नैसर्गिक नाही, आणि ३०.५ अंशांची पहाट नैसर्गिक आहे असं आता मी छातीठोक म्हणू शकत नाही. शिवाय नैसर्गिक लिहिलं की भरपाईचा विषयच मिटतो. पण माझ्या बाजूलाही भोक आहे. माझा पांढरा साका दुसऱ्या रात्रीचा आहे. तोवर मेलेले मासे पाण्यात कुजत होते आणि कुजणंही ऑक्सिजन खातं. मासे मेले त्या रात्रीचा आकडा कुणाकडेच नाही. मरळ जगली, मोठे आधी गेले, मामांनी तोंडं पाहिली, एवढा पुरावा माझ्या मनाला पुरतो. रकान्याला पुरत नाही. अहवाल दोनदा परत आला आहे.

पोराला मी फोन केला होता. त्याने ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

मामांना मी दोन बाटल्या, हातमोजे आणि पहिली दोन द्रावणं देऊन आले आहे. वापरायचं कसं ते चार वेळा करून दाखवलं, आम्ल मात्र दिलं नाही. ढगाळ रात्र असली की ते पहाटे बाटली भरतात, साका बसू देतात आणि नातवाच्या मोबाइलवरून फोटो पाठवतात. रंग फिका दिसला की सोसायटीचा कृषिपंप लावून पाणी उंचावरून परत तळ्यात फवारतात. फोटो मी एका वेगळ्या वहीत उतरवते, वेळेसकट : ४.३५, ४.५०, ५.०५. काल रात्री इथेही आभाळ होतं. ४.४० ला फोटो आला, साका फिकट बदामी. खाली लिहिलं होतं, पंप चालू केला.