ससाण्यानंतरही थवा जुळला!

मंडळी, जमलं! कॉम्प्युटरवर पक्ष्यांच्या थव्याचं सिम्युलेशन करतेय, त्यात ससाणा आरपार घुसला, थवा फुटला आणि काही क्षणांत पुन्हा एक झाला. मागच्या व्हिडिओत कडेचे बॉइड (सिम्युलेशनमधले पक्षी) सुटून सरळ रेषेत स्क्रीनबाहेर जात होते, ते आता वळून परत येतात. काल रात्री हे कितीतरी वेळ नुसतं बघत बसले होते.

बॉइडचे जनक क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेले तीन नियम तसेच ठेवलेत: धडकायचं नाही, शेजाऱ्याची दिशा धरायची, घोळक्याकडे झुकायचं. प्रश्न होता रेंजचा, म्हणजे किती अंतरापर्यंतचे शेजारी धरायचे याचा. ती वाढवली की थव्याचा लाडू वळायचा, कमी केली की ससाण्याशिवायच पांगापांग. मधला आकडा शोधण्यात माझा सगळा फेब्रुवारी गेला.

उत्तर रोमच्या स्टारलिंगांकडे (मैनेच्या कुळातले पक्षी) निघालं. तिथे वेगवेगळ्या जागांवरून एकाच क्षणी फोटो घेऊन थव्यातल्या पक्ष्यांच्या जागा काढल्या होत्या. 2008 साली निष्कर्ष छापून आला: पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांना धरून उडत नाही, जवळच्या 6-7 जणांना धरून उडतो, थवा दाट असो की विरळ. म्हणजे ससाण्याने कितीही पांगवलं तरी प्रत्येकाला शेजारी उरतातच. मी रेंज काढून टाकली आणि प्रत्येकाला 7 शेजारी दिले.

शेजारी शोधायला चौकोन पाडणारा, अंतरावर बेतलेला जुना ग्रिड त्यामुळे बाद झाला. त्याऐवजी जवळचे शेजारी पटकन शोधणारा केडी-ट्री वापरा; तो स्वतः लिहीत बसू नका, पायथॉनच्या सायपाय लायब्ररीतला उत्तम आहे. प्रोसेसिंग या चित्रांसाठीच्या प्रोग्रामिंग साधनात चित्र झटपट दिसतं, पण नियम सारखे बदलून पाहायचे असतील तर मला पायथॉनच सोयीचं वाटतं.

एक दुखणं उरलंय. कधीकधी 8 जणांची टोळी तुटते. प्रत्येकाचे सातही शेजारी टोळीतलेच, त्यामुळे मोठा थवा त्यांच्या हिशेबातच नसतो आणि टोळी खुशाल निघून जाते. 7चे 10 करणार होते, पण मग 11 जणांची टोळी तुटेल! आत्ता लिहिता लिहिता सुचतंय: भोवतालचे 60 अंशांचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागातला सर्वांत जवळचा एकच घ्यायचा. टोळीच्या कडेच्या पक्ष्याला बाहेरच्या बाजूलाही बघावंच लागेल. थ्रीडी राहू दे, आधी हेच.

हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पळसमैना (याही स्टारलिंगच) एप्रिलमध्ये मायदेशी परततील, त्याआधी त्यांच्या थव्याचं खरं फुटेज हवंय. मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशन किंवा पलीकडे ऐरोलीकडे संध्याकाळी मोठा थवा दिसला तर जागा आणि वेळ कळवा. स्वतः शूट करणार असाल तर ट्रायपॉड लावा आणि कॅमेरा फिरवू नका; झूमपेक्षा पूर्ण थवा चौकटीत येणं महत्त्वाचं.