हे कोणाच्या नावे टाकायचं?

बास्केटबॉल सीझनची पहिलीच मॅच आम्ही ३८-४७ अशी हरलो. परतताना व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून मी डायरीच्या मागच्या पानावर पोरींना दहापैकी मार्क देऊन टाकले. पेन इतकं दाबून चालवलं होतं की पुढच्या दोन पानांवर आकडे उमटले. मागे एरवी अंताक्षरी चालते, त्या दिवशी फक्त डब्यांची झाकणं वाजत होती.

नावं लिहीत नाही. पोट्ट्या सतरा वर्षांखालच्या आहेत, त्यामुळे इथे जर्सीचे नंबरच चालवते. त्या पानावर ७ नंबरला २ मार्क होते, १५ नंबरला ८ आणि १२ नंबरला ४. हे तीन आकडे पुढे लागतील.

मी नागपुरातल्या एका क्लबच्या मुलींना शिकवते. दिवसा ऑफिस, संध्याकाळी कोर्ट. आमचं कोर्ट सिमेंटचं आणि उघडं. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीला, त्याच सुमारास पाऊस सुरू होतो, आणि ऑगस्टमध्ये मॅचेस येऊन उभ्या राहतात. जुलैतली निम्मी प्रॅक्टिस खराट्याने पाणी लोटण्यात जाते. एका कोपऱ्यात शेवाळ धरतं, तिकडे आम्ही ड्रिबलसुद्धा करत नाही. आणि मॅच असते आत, लाकडी फ्लोअरवर. सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेले बूट घालून पोरी तिथे उतरतात तेव्हा पहिली पाच मिनिटं त्या खेळत नाहीत, नुसत्या सावरत असतात. हे मला माहीत होतं. तरी मी ओला रुमाल नेला नव्हता, बुटांचे तळ पुसायला.

हाफ टाइमला आम्ही २३-१९ पुढे होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचे ४ आणि त्यांचे १६. तिथेच मॅच गेली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं बाकी असताना, ३६-४१ असताना, ७ नंबरने लागोपाठ दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, घालवले. एक रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला, दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. अख्ख्या हॉलमध्ये तेवढा आवाज ऐकू आला, म्हणजे न आलेला आवाज.

बाहेर आल्याबरोबर एका पोरीचे बाबा म्हणाले, "मॅडम, तिला काऊन खेळवून राहिले तुम्ही? नऊ वेळा बॉल घालवला तिनं. मी मोजलं ना!" दुसऱ्या आई काही बोलल्या नाहीत, पण मान हलवली. पोळा तोंडावर होता. आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक वर्षभराचं सगळं वाईट तिच्या अंगावर टाकतात आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या संध्याकाळी सगळ्यांना एक मारबत हवी होती आणि ७ नंबर समोरच उभी होती, पाण्याची बाटली छातीशी धरून. माझ्या डायरीतले २ मार्क म्हणजे त्या मिरवणुकीत मीही सामील होते, दुसरं काय.

घरी आल्यावर शांतपणे बघितलं तर मला माझ्याच यादीचा भरवसा वाटेना. १५ नंबरला ८ का? तर तिने १७ पॉइंट केले. १२ नंबरला ४ का? आठवतच नव्हतं. मॅचभर ती काय करत होती, हेच मला सांगता येईना. मग मार्क कशाचे दिले?

९ नंबरच्या मामांनी स्टँडवरून मोबाइलवर मॅच घेतली होती. ती मागवली. मामांचं भाचीवर फार प्रेम. बॉल कुठेही असो, कॅमेरा ९ नंबरवर. कित्येकदा बाकीच्या नऊ जणी फ्रेमच्या बाहेर. तरी स्कोअररच्या टेबलावरचे आवाज स्वच्छ येत होते, शिट्टी, फाउलचा नंबर, "पाच सेकंद!" अशी हाक. चाळीस मिनिटांच्या खेळाला दोन रात्री लागल्या, रोज एक वाजेपर्यंत.

वहीत रकाने आखले. अमेरिकेतले डीन ऑलिव्हर नावाचे संख्याशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या हिशेबाने मॅच चार गोष्टींवर ठरते: नेमबाजी, टर्नओव्हर (शॉट न मारताच घालवलेला बॉल), रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल) आणि फ्री थ्रो, आणि वजनही साधारण त्याच क्रमाने, ४०, २५, २०, १५ टक्के. तेवढेच चार रकाने धरले. शिवाय फिबाची, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेची, जुनी बेरीज: पॉइंट, रिबाउंड, असिस्ट (ज्यावर बास्केट झालं तो पास), स्टील (हिसकावलेला बॉल), ब्लॉक (अडवलेला शॉट) हे सगळं मिळवायचं आणि त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. शाळकरी गणित आहे, पण डोळे उघडतं.

नवऱ्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तो ऑडिटच्या कामात आहे. मी त्याला फक्त पॉज करायला बसवलं होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ७ नंबरने मधून एक पास दिला, तो ९ नंबरच्या पाठीवर आपटून बाहेर गेला. मी सवयीने ७ च्या रकान्यात टर्नओव्हरची रेघ ओढली. तो म्हणाला, "थांब. हे हिच्या नावे काऊन टाकलं? हिनं तर माल बरोबर पाठवला. घेणाराच दुकानात नव्हता."

मी म्हटलं, शीटवर पास देणाराच्याच नावे जातो.

"शीटवर जाऊ दे. तू मार्क देऊन राहिली ना?"

मागे घेतलं. पुन्हा बघितलं. ९ नंबर धावत कट मारायला, म्हणजे बास्केटकडे घुसायला, निघाली, मध्येच थांबली आणि वळून बेंचकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायला लागली. पास तिच्या पुढच्या पावलावर होता. ती पुढे गेली असती तर मोकळा ले-अप होता, बास्केटजवळचा सोपा शॉट.

तिथून आम्ही सगळे टर्नओव्हर नव्याने लिहिले. ७ नंबरचे नऊ, त्या बाबांची मोजणी अगदी बरोबर होती. त्यातले चार पास नीट होते, समोरचीचं लक्ष नव्हतं. एकदा पाय घसरला. खरोखर तिच्या नावे टाकावे असे उरले चार. चार म्हणजे कमी नाहीत, तिच्या जागेवर खेळणारीला तीनच्या वर जायला नको. पण नऊ आणि चार यात फरक आहे. आणि फ्री थ्रो? संघाचे २१ पैकी ८ बसले. १३ हुकले आणि आपण हरलो ९ ने. ७ नंबरचे त्यातले ३. १५ नंबरचे ६. पण तिचे पहिल्या हाफमध्ये हुकले, तेव्हा आपण पुढे होतो, म्हणून कोणाला दुखलं नाही.

१५ नंबरची बेरीज केली तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा चालवला. १७ पॉइंट, ६ रिबाउंड, १ स्टील, झाले २४. २६ शॉटपैकी ७ बसले, म्हणजे १९ हुकले. फ्री थ्रो ६ हुकले. टर्नओव्हर ४. एकूण २९ वजा. हातात उणे ५. संघात सगळ्यांत जास्त पॉइंट करणारी पोरगी उणे ५!

आणि १२ नंबर. दोनच पॉइंट. पण ती २१ मिनिटं कोर्टवर होती आणि त्या २१ मिनिटांत आपण ५ ने पुढे होतो. उरलेल्या १९ मिनिटांत १४ ने मागे. बाप्पा! व्हिडिओत ती दिसते तेव्हा तिच्या हातात बॉल नसतोच. ती समोरच्या सगळ्यांत उंच पोरीला पाठ लावून रेटत असते, आणि रिबाउंड घेते दुसरीच कोणीतरी. शीटवर त्या कामाला रकानाच नाही. एका मॅचच्या अशा पुढे-मागेच्या हिशेबावर, म्हणजे प्लस-मायनसवर, फार विसंबू नये हे खरं, पण तिसऱ्या क्वार्टरमधली तिची आठ मिनिटं बेंचवर गेली हे तर डोळ्यांनी दिसत होतं. का? तर तिला हाफ टाइमपर्यंत तीन फाउल झाले होते आणि पाचव्याला बाहेर जावं लागतं म्हणून मी तिला जपून ठेवलं. मॅच संपली तेव्हा तिचे चार होते. वाचवलेला फाउल पुढच्या मॅचला चालत नाही, तो तिथेच वाया जातो.

नवे मार्क: ७ ला ६. १२ ला ८. १५ ला ५. मामांच्या भाचीला, म्हणजे ९ नंबरला, दोन थ्री पॉइंटर असूनही ५. जी तीनच मिनिटं खेळली तिच्यापुढे नुसती आडवी रेघ. तीन मिनिटांचे मार्क देणं म्हणजे शितावरून भाताची नाही, शेताची परीक्षा.

क्लबमधल्या एका जुन्या दादांना वही दाखवली. ते माझ्याही आधीचे, तीस वर्षं कोर्टवर उभे आहेत. त्यांनी आकडे वाचले आणि एवढंच विचारलं, "तू हिला काय करायला सांगितलं होतं, ते कुठाय यात?" मला तेव्हा त्याचा अर्थ नीट लागला नाही. "ग्रुपवर टाकू नको मात्र," ते म्हणाले. तो विचार माझ्या मनात होता, हे कबूल करते.

रविवारी सकाळी प्रॅक्टिसनंतर एकेकीला बोलावलं. आधी चिठ्ठीवर स्वतःचे मार्क लिहायला लावले. ७ नंबरने शून्य लिहिलं होतं, वर त्याला गोल करून. तिला मी काही समजावलं नाही, पाठीवर आपटणारा तो पास मोबाइलवर तीनदा दाखवला आणि मग तिचे स्वतःचे चार दाखवले. चौथ्याला ती म्हणाली, "हा तर लयच घाण आहे ताई," आणि हसली. मॅचनंतर पहिल्यांदा.

१२ नंबरने विचारलं, "ताई, अर्धा देता येतो का? साडेचार." तिला ८ सांगितल्यावर तिला वाटलं मी गंमत करून राहिले.

१५ नंबरने स्वतःला ७ दिले होते. उणे ५ ऐकून ती रडली नाही, चिडली. "मग मी पास कोणाला देऊ? सगळ्या उभ्या राहून माझ्याकडंच पाहतात. शेवटी बॉल माझ्याकडंच येते."

मी म्हटलं, बघू. त्या रात्री तिचे २६ शॉट पुन्हा काढले, या वेळी आवाज वाढवून. त्यातल्या ८ शॉटच्या आधी टेबलावरून "पाच सेकंद!" ऐकू येतं. म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले १९ संपल्यावर, कोणाला काही सुचत नाही म्हणून, बॉल तिच्याकडे ढकलला गेला होता. त्यातला एकच बसला. आणि बाकीच्या चौघी खरोखरच उभ्या होत्या. कोपऱ्यात दोन, वर दोन, हात गुडघ्यांवर. का उभ्या होत्या? व्हिडिओत हाफ टाइमनंतर माझाच आवाज आहे, घसा फुटेस्तोवर: "हिला वाट मोकळी द्या! मध्ये येऊ नका!"

दादांचा प्रश्न तेव्हा कळला. त्या चौघींनी सांगितलं तेच केलं होतं. ९ नंबर धावता धावता थांबून माझ्याकडे का बघत होती, तेही कळलं.

हे कोणाच्या नावे टाकायचं, हे नवऱ्याने विचारलं नाही. तो झोपला होता. मी वहीत खाली एक नवी ओळ काढली, 'बेंच' असं लिहिलं, आणि त्यात ते आठ शॉट, १२ नंबरची आठ मिनिटं आणि १६-४ च्या त्या क्वार्टरमध्ये न घेतलेला टाइम आउट टाकला. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइम आउट मिळतात. मी एक घेतला, तोही फ्री थ्रो हुकल्यावर. १५ नंबरचे साडेसहा केले. हुकलेले सहा फ्री थ्रो मात्र तिचेच आहेत, ते तिला सांगितलं.

बाकीच्यांचं फार लिहिण्यासारखं नाही. दोघींना ६, एकीला ४, ती जागेवर परत धावतच नाही आणि ते तिलाही माहीत आहे.

आता प्रॅक्टिसच्या शेवटी प्रत्येकीचे वीस फ्री थ्रो असतात, कोर्टच्या चार फेऱ्या पळून धाप लागलेली असतानाच. ताजेतवाने असताना सगळ्यांचेच बसतात. आणि बॅगेत ओला नॅपकिन ठेवला आहे.

परवा मारबतीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला म्हणून फाइव्ह ऑन फाइव्ह घेतलं. ७ नंबरने मधून पास काढला, ९ नंबर या वेळी थांबली नाही, पण बॉल तिच्या बोटांना लागून शेवाळाच्या कोपऱ्यात गेला. मी वही उघडली.

"ताई, माझ्या नावे टाका," ९ नंबर ओरडली.

"तुझ्या काऊन? पास उंच होता," ७ नंबर.

"उंच नव्हता, मीच हात खाली ठेवला."

दोघी तिथेच कंबरेवर हात ठेवून भांडायला लागल्या. बाकीच्या आठ जणी दोन बाजूंनी पंच झाल्या, आणि बॉल आणायला कोणीच गेलं नाही.